गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून जपणारे कापड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, गोवा किंवा मालवणच्या किनाऱ्यावर शिडाची होडी ठेवणारे सोलापूरकर, आणि अशा होड्यांसाठी कव्हर शिवण्याचे काम हाती घेऊ पाहणारे येथील शिवणकामाचे कारखाने, या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. समुद्र आपल्यापासून दूर असला तरी धागा, रंग आणि शिवण हे सोलापूरचे रोजचे विषय आहेत, आणि शिडाच्या कव्हरचा प्रश्न शेवटी या तीन गोष्टींचाच आहे.

गुंडाळून ठेवलेले शीड उन्हाने खराब कसे होते?

होडीच्या पुढच्या बाजूचे शीड, ज्याला जिब किंवा जेनोआ म्हणतात, ते आजकाल उतरवून ठेवले जात नाही. फर्लर नावाच्या फिरत्या दांड्याभोवती ते गुंडाळले जाते आणि होडी नांगरावर असेल तितके दिवस तसेच उभे राहते. या गुंडाळीत शिडाचा बहुतेक भाग आत दडतो, परंतु मागची कड आणि खालची कड यांचे पट्टे सर्वांत बाहेर येतात आणि दिवसभर ऊन झेलतात. वापर आठवड्यातून फार तर एखाद्या दिवसाचा आणि ऊन मात्र रोजचे, असे हे गणित असल्यामुळे बऱ्याच शिडांचे आयुष्य वाऱ्यात नव्हे, तर नांगरावर उभे असतानाच संपते.

नित्याच्या वापरातली शिडे पॉलिएस्टरची असतात आणि डेक्रॉन या नावाने ओळखली जातात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, विशेषतः 320 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. कापड वरून धड दिसते, पण धाग्यातली ताकद निघून गेलेली असते आणि एखाद्या झोताबरोबर कडेलगत लांबच लांब फाटते. नायलॉन उन्हापुढे पॉलिएस्टरपेक्षाही लवकर हार मानते. शर्यतीच्या शिडांत वापरले जाणारे केव्हलारसारखे अरामिड धागे तर त्याहून नाजूक असतात, म्हणून अशी शिडे वापर संपताच उतरवून पिशवीत ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

आपल्या अक्षांशावर हे नुकसान अधिक वेगाने होते. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असून रत्नागिरी आणि मालवणही याच पट्ट्याच्या आसपास आहेत. येथे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शून्य सावलीचा दिवस अनुभवता येतो. युरोपातील शीडकारांनी दिलेले टिकाऊपणाचे आकडे त्यामुळे इथे जसेच्या तसे लावू नयेत.

कडेवर पट्टा कायमचा शिवून घ्यावा, की वरून चढवायचे लांब कव्हर करावे?

दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. शिवलेला पट्टा मागच्या आणि खालच्या कडेवर कायमचा असतो, शीड गुंडाळले की आपोआप बाहेर येतो आणि स्वतः उन्हात झिजून शिडाला वाचवतो. त्याचे वजन मात्र शीड उघडल्यावरही कडेवर राहते आणि मंद वाऱ्यात शिडाचा आकार किंचित बिघडवते.

चढवायचे कव्हर म्हणजे लांब नळीसारखी पिशवी. ती रिकाम्या दोराने डोलकाठीच्या दिशेने वर ओढतात आणि चेनने किंवा दोरीने आवळून बंद करतात. शिडावर कोणतेही ओझे राहत नाही आणि पिशवी खराब झाली तर शिडाला हात न लावता बदलता येते, हे तिचे मोठे गुण आहेत. पण ती प्रत्येक वेळी चढवावी लागते आणि सैल राहिली तर वाऱ्यात सतत फडफडून स्वतःलाही आणि आतल्या शिडालाही घासते.

आमचे मत असे की, होडीवर महिन्यातून एकदोनदाच जाता येणाऱ्या माणसाने शिवलेला पट्टाच घ्यावा. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून गेलेला माणूस परतीची गाडी गाठण्याच्या घाईत आठ-दहा मीटर उंच कव्हर नीट चढवीलच, याची खात्री देता येत नाही, आणि एकदा चढवायचे राहिले की पुढच्या फेरीपर्यंत शीड उघडेच राहते.

पट्ट्यासाठी कोणते कापड सर्वांत योग्य?

बहुतेक होड्यांसाठी सोल्यूशन डाइड आक्रिलिक. सनब्रेला हे त्यातले सर्वांत परिचित नाव आहे. सूत तयार झाल्यावर ते रंगवण्याऐवजी या कापडात तंतू ओढण्याआधीच द्रवात रंगद्रव्य मिसळले जाते. आपल्याकडच्या सूतबाजारात यालाच डोप डाइड म्हणतात. रंग तंतूच्या आरपार असल्याने तो सहज उडत नाही, आणि मुळात आक्रिलिक हा तंतू उन्हाला पॉलिएस्टर वा नायलॉनपेक्षा पुष्कळ अधिक काळ तोंड देतो. हे कापड हवा खेळू देते, त्यामुळे आत अडकलेला दमटपणा बाहेर पडतो आणि शिडावर बुरशी कमी धरते. दमट किनाऱ्यावर या गुणाचे मोल उन्हाच्या रक्षणाइतकेच मानावे.

आक्रिलिकच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. नौकांसाठीचे आक्रिलिक सुमारे 300 ते 315 जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), म्हणजे वजनदार असते. घर्षणापुढे ते दुबळे पडते. डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांच्या टोकांना किंवा तारांना शीड जेथे घासते, तेथे पट्ट्याला आधी भोक पडते. अशा जागी वरून अधिकचा तुकडा लावणे आवश्यक आहे. तिरप्या दिशेने ते ताणलेही जाते, म्हणून कापताना धाग्यांची दिशा सांभाळावी लागते.

दुसरा पर्याय म्हणजे अतिनील किरणांना अटकाव करणारी प्रक्रिया केलेले पॉलिएस्टरचे शीडकापड. ते आक्रिलिकच्या जवळपास निम्म्या वजनाचे असते, शिडाच्या कापडाशी त्याचा ताण जुळतो आणि पांढऱ्या शिडावर ते उठून दिसत नाही. आयुष्य मात्र कमी असते. शर्यतीत उतरणाऱ्या किंवा लहान, हलक्या होडीसाठी ही तडजोड समंजस आहे. वर्षातले आठ महिने नांगरावर उभ्या राहणाऱ्या होडीसाठी नाही.

डोप डाइड पॉलिएस्टरची कापडेही बाजारात असतात. घर्षणाला ती आक्रिलिकपेक्षा बरीच सरस असतात आणि वजनाला हलकी असतात. वरून चढवायच्या कव्हरसाठी किंवा मुख्य शिडाच्या बूमवरील (त्याच्या खालच्या आडव्या दांड्यावरील) कव्हरसाठी ती उत्तम. अखंड उन्हातल्या पट्ट्यासाठी मात्र आमचे माप आक्रिलिकच्या बाजूने झुकते.

सोलापुरात उत्तम सुती कापड मिळते. जाड सुती कॅनव्हास वापरला तर?

हा प्रश्न येथे आपुलकीने विचारला जातो आणि त्याचे उत्तर तितक्याच आदराने, पण ठामपणे द्यावे लागते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांच्या सुताचा, विणीचा दर्जा वादातीत आहे. पण सुताचे जे गुण चादरीत उपयोगी पडतात, तेच समुद्रावर अडचणीचे ठरतात. सूत पाणी शोषते, खारे पाणी धरून ठेवते, सावकाश वाळते आणि त्यावर बुरशी लवकर चढते. ऊन, मीठ आणि ओल यांचा मारा एकत्र झाला की सुती कॅनव्हास आतून कुजत जातो. पॉलिएस्टर येण्यापूर्वी शिडेच सुताची असत, आणि ती वाळवून ठेवण्याची दगदग हा खलाशांच्या कामाचा मोठा भाग होता. सुती कॅनव्हास होडी घरी, कोरड्या शेडमध्ये असताना धुळीपासून झाकायला खुशाल वापरावा. फर्लरवरच्या शिडाला तो लावू नये.

ताडपत्री का नको? ती तर पाऊसही अडवते.

पाऊस अडवते, म्हणूनच नको. पीव्हीसीचा थर दिलेली ताडपत्री ऊन बऱ्यापैकी अडवते, पण हवा अजिबात जाऊ देत नाही. आत राहिलेला दमटपणा तेथेच कोंडतो आणि शिडावर काळे डाग पडतात. ती जड आणि ताठ असल्याने गुंडाळीही घट्ट बसत नाही. शेतात, मालट्रकवर आणि बाजारात दिसणारी निळी किंवा पिवळी प्लॅस्टिकची विणलेली ताडपत्री तर एका उन्हाळ्यातच चुरा होऊ लागते, हे सोलापुरात कोणालाही नव्याने सांगायला नको.

कापड खरोखर डोप डाइड आहे, हे दुकानात कसे ओळखावे?

दुकानदाराच्या शब्दाखेरीज काही साध्या खुणा आहेत. कापडाचा एक धागा काढून त्याचा पीळ उलगडावा आणि भिंगाखाली पाहावा. कापड विणल्यानंतर रंगवलेले किंवा छापलेले असेल, तर ताणा आणि बाणा एकमेकांवर चढतात त्या जागी धागा फिका दिसतो. परंतु येथे सावध राहावे लागते, कारण सूत आधी रंगवून विणलेल्या कापडातही धागा आत-बाहेर सारखाच दिसू शकतो, आणि यार्न डायिंगमध्ये सोलापूरच्या रंगाऱ्यांचा हात चांगला असल्याने नुसत्या नजरेने फरक कळणे कठीण आहे. अशा वेळी ब्लीचचे पाणी उपयोगी पडते. कापडाचा लहान तुकडा पातळ ब्लीचमध्ये काही तास ठेवला असता रंगद्रव्य तंतूतच मिसळलेले आक्रिलिक जवळजवळ आहे तसे राहते. तुकडा फिका पडला, तर ते कापड निश्चितपणे नाकारावे. तुकडा फिका पडला नाही, एवढ्यावर मात्र खरेदीचा निर्णय घेऊ नये, कारण व्हॅट रंगासारखे काही पक्के रंगही ब्लीचला दाद देत नाहीत.

तंतू कोणता, हे जाळून पाहता येते. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते. पॉलिएस्टर आकसून वितळते आणि त्याचा कडक गोळा होतो. आक्रिलिक भडकून जळते, उग्र वास येतो आणि मागे ओबडधोबड, चुरगळणारा काळा गोळा उरतो. ही चाचणी मोकळ्या हवेत, चिमट्यात अगदी लहान तुकडा धरून आणि जवळ पाणी ठेवूनच करावी.

रंग टिकण्याचे प्रमाणपत्र पुरेसे आहे का?

नाही, आणि या ठिकाणी कापडव्यवसायातली जाणती माणसेही चकतात. आयएसओ 105-बी02 या कसोटीत झेनॉन दिव्याच्या प्रकाशात कापड ठेवून त्याच्या रंगाला निळ्या लोकरीच्या 1 ते 8 या मापावर गुण दिले जातात. हे गुण रंगाचे असतात, धाग्याच्या ताकदीचे नव्हे. रंग कायम राखूनही कापड आतून कमकुवत होऊ शकते. शक्य असेल तेथे विक्रेत्याकडून उन्हाच्या चाचणीनंतर उरलेल्या ताणशक्तीचा आकडा मागावा. तो आकडा देऊ शकणाऱ्या विक्रेत्याला थोडे अधिक पैसे देणे आम्हाला रास्त वाटते.

सोलापूरच्या उन्हात आपण स्वतः चाचणी घेऊ शकतो का?

अवश्य, आणि त्यासाठी यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण. मार्च ते मे या काळात येथील आकाश बहुतांश निरभ्र असते आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. निवडीत असलेल्या प्रत्येक कापडाच्या, ताण्याच्या दिशेने कापलेल्या, एकाच रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक पट्टी गच्चीवर दक्षिणेकडे कललेल्या फळीवर ताणून बसवावी, दुसरी कपाटात अंधारात ठेवावी. फळीवर शिवणीच्या दोऱ्याचे नमुनेही बांधावेत. जूनमध्ये, पावसाआधी, दोन्ही पट्ट्यांना सारखाच छेद देऊन त्या हाताने फाडून पाहाव्यात. मोजायचेच असेल तर खाली वजने टांगून कोणत्या वजनाला पट्टी तुटते ते नोंदवावे. एका उन्हाळ्यात आक्रिलिक आणि चांगले पॉलिएस्टर यांच्यात फारसा फरक कदाचित दिसणार नाही, पण हलक्या प्रतीचे कापड आणि साधा दोरा मात्र लगेच उघडे पडतात.

एवढे लक्षात असू द्यावे की गच्चीवर केवळ उन्हाची परीक्षा होते. मीठ, दमट हवा, बुरशी आणि वाऱ्यातली फडफड ही किनाऱ्याची बाकीची परीक्षा तेथे होत नाही.

कापड जितके जाड, तितके बरे ना?

उन्हापुरते पाहिले तर दाट विणीचे कापड निश्चितच चांगले. आकाशाकडे धरून पाहावे. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसत असतील तर किरण शिडापर्यंत पोहोचणार. परंतु जाडी म्हणजे वजन, आणि ते वजन शिडाच्या सर्वांत संवेदनशील कडेवर लटकते.

उदाहरणादाखल मागची कड 11 मीटर आणि खालची कड 4 मीटर धरू. 58 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्याला पावणेनऊ चौरस मीटरच्या आसपास कापड लागेल. 310 जीएसएमच्या आक्रिलिकचे त्यात सुमारे 2.7 किलो वजन होते, तर 150 जीएसएमच्या प्रक्रिया केलेल्या पॉलिएस्टरचे 1.3 किलो. मोठ्या होडीवर हा सुमारे 1.4 किलोचा फरक कोणाला जाणवणार नाही. लहान होडीवर मंद वाऱ्यात तो कडेला खाली ओढताना स्पष्ट दिसेल.

गडद रंग घ्यावा की फिका?

गडद. गडद रंगद्रव्य किरण अधिक शोषते आणि आतल्या शिडापर्यंत कमी पोहोचू देते. काळ्या रंगातील कार्बन तर स्वतःच एक उत्तम संरक्षक आहे. गडद कव्हर अधिक तापते हे खरे, पण त्या उष्णतेने पॉलिएस्टरच्या शिडाला जेवढा त्रास होतो, त्याहून कितीतरी अधिक नुकसान आत झिरपणाऱ्या अतिनील किरणांनी होते. गडद निळा हा नौकांवर फार पूर्वीपासून रुळलेला रंग आहे आणि त्यावर डागही कमी दिसतात. पांढरेच हवे असेल तर कापड अधिक दाट विणीचे निवडावे.

दोरा कोणता वापरावा?

या प्रश्नाला कापडाइतकेच महत्त्व द्यावे, असा आमचा आग्रह आहे. उत्तम आक्रिलिकचा पट्टा शाबूत असताना त्याची शिवण उसवलेली दिसते, कारण कापडाआधी दोरा मरतो. सुती दोरा आणि गणवेशाच्या शिवणकामातला बारीक पॉलिएस्टर दोरा येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. नायलॉनचा दोरा शिवताना छान चालतो, पण उन्हात टिकत नाही.

किमान अपेक्षा म्हणजे जाड, बाँडेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला), उन्हासाठी प्रक्रिया केलेला पॉलिएस्टर दोरा. नौकांच्या कामात 92 क्रमांकाचा दोरा सामान्यतः वापरतात. त्याहून श्रेष्ठ म्हणजे पीटीएफईचा (टेफ्लॉन ज्याचे बनते त्या प्लॅस्टिकचा) दोरा, ज्यातले टेनारा हे नाव प्रसिद्ध आहे. पीटीएफईवर सूर्यप्रकाशाचा जवळजवळ परिणामच होत नाही. तो पॉलिएस्टरपेक्षा कित्येक पट महाग आहे, आणि केवळ या कारणाने बरेच जण तो टाळतात. पण एकूण खर्चात दोऱ्याचा वाटा लहानच असतो, आणि शिवण उसवली की शीड उतरवणे, कारखान्यापर्यंत नेणे, पुन्हा शिवणे आणि चढवणे हा सारा खर्च नव्याने करावा लागतो. सोलापुरात शिवून किनाऱ्यावर पाठवायच्या कामात तर ही बचत अजिबात करू नये.

कारागिरांसाठी एक सूचना : पीटीएफईचा दोरा गुळगुळीत असतो आणि ताणला जात नाही, त्यामुळे यंत्राचा ताण नेहमीपेक्षा वेगळा लावावा लागतो आणि टाके सुरू करताना व संपवताना मागे-पुढे टीप घालून पक्के करावे लागतात. जाड दोऱ्याला 18 क्रमांकाची सुई, लांब टाका आणि शक्यतो झिगझॅग टीप घ्यावी, म्हणजे कड ताणली गेली तरी दोरा तुटत नाही.

पट्ट्याची रुंदी आणि कापडाचा अंदाज कसा काढावा?

रुंदी कोष्टकावरून ठरवू नये. शांत हवेत शीड नेहमीसारखे घट्ट गुंडाळावे, बाहेर दिसणाऱ्या भागाच्या आतल्या सीमेवर मऊ पेन्सिलीने खुणा कराव्यात, मग शीड उलगडून त्या खुणांपासून कडेपर्यंतचे अंतर तळाला, मध्ये आणि वर मोजावे. वाऱ्यात गुंडाळी घट्ट होते आणि मंद हवेत सैल, म्हणून मिळालेल्या सर्वांत मोठ्या मापात काही सेंटिमीटर वाढवावेत.

आक्रिलिक बहुधा 117 किंवा 152 सेंटिमीटर पन्ह्याचे येते. 117 सेंटिमीटरच्या पन्ह्यातून लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या निघतात, आणि दोन्ही कडा दुमडल्यावर प्रत्येकी सुमारे 55 सेंटिमीटर उरतात. वरच्या उदाहरणातील 15 मीटरसाठी त्यामुळे साडेसात मीटर कापड लागते; जोड आणि मागच्या कोपऱ्यासाठी आणखी एक मीटर धरावा. लांबीच्या दिशेने कापल्याने ताणा शिडाच्या कडेला समांतर येतो आणि पट्टा कमी ताणला जातो. आडवे तुकडे जोडून कापड वाचवण्याचा मोह आवरावा.

पट्टा शिडाच्या कोणत्या बाजूला शिवायचा?

गुंडाळल्यावर जी बाजू बाहेर येते, त्या बाजूला. फर्लर कोणत्या दिशेने फिरतो यावर ते अवलंबून असल्याने काम घेताना गुंडाळलेल्या शिडाचे छायाचित्र मागवावे. मालकाने फर्लरचा दोर उलट गुंडाळला, तर पट्टा आत जातो आणि शीड बाहेर राहते.

चेन आणि रिंगा कशा असाव्यात?

चेन प्लॅस्टिकच्या जाड, ओतीव दातांची असावी आणि तिच्यावर कापडाची झाप असावी. नायलॉनच्या बारीक वेटोळ्यांची चेन उन्हात लवकर जाते. रिंगा पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. लोखंडी रिंग खाऱ्या हवेत गंजते आणि तिचा डाग शिडावर उतरतो.

धुणे आणि पावसाळ्यातली साठवण कशी करावी?

खारे पाणी वाळल्यावर उरणारे मिठाचे खडे विणीत घासत राहतात, म्हणून संधी मिळेल तेव्हा गोड्या पाण्याने पट्टा धुवावा. सौम्य साबण, थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. गरम पाणी, इस्त्री आणि गरम हवेचे ड्रायर टाळावेत. बुरशीचे डाग डोप डाइड आक्रिलिकवरून पातळ ब्लीचने काढता येतात, पण ते पाणी नायलॉनच्या किंवा अरामिडच्या शिडावर चुकूनही जाऊ देऊ नये. वारंवार धुतल्याने पाणी झटकण्याची प्रक्रिया निघून जाते. ती फवारणीने पुन्हा देता येते.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बहुतेक शिडाच्या होड्या पाण्याबाहेर असतात. त्या काळात शीड फर्लरवर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ते उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवून सोलापूरला आणावे. येथील कोरड्या हवेत ते किनाऱ्यावरच्या कोणत्याही गोदामापेक्षा चांगले राहील. सैल गुंडाळी करून, उंदरांपासून दूर ठेवावे. नारळी पौर्णिमेपूर्वी शिवणी तपासून घेतल्या म्हणजे दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळतो.

पट्टा बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

आधी दोरा पाहावा : नखाने टाक्यावरून जोरात घासल्यावर दोरा तुटला किंवा त्याची पूड झाली, तर कापड चांगले असले तरी संपूर्ण शिवण पुन्हा घालावी. मग कापड पाहावे. पट्ट्याच्या कडेला बोटांनी धरून घडी घालावी आणि घडीवर ताण द्यावा. धागे तडकण्याचा आवाज आला किंवा घडीवर भेग पडली, तर पट्टा संपला. शेवटी पट्ट्याखालचे शीड तपासावे. ते कडकडीत व पांढरे असेल तर पट्ट्याने आपले काम चोख केले आहे आणि नवा पट्टा त्याच शिडावर शिवणे योग्य ठरेल. पट्ट्याखालचे शीडच सुईच्या छिद्रांच्या रेषेत फाटू लागले असेल, तर त्यावर नवे आक्रिलिक घालण्याचा खर्च करू नये. ते पैसे नव्या शिडासाठी राखून ठेवावेत आणि त्या शिडावर पहिल्या दिवसापासून पट्टा लावून घ्यावा.